साहेबांचं वय विचारू नका

साहेबांनी सकाळी कोथिंबिरीकडे पाठ फिरवली आणि त्या घराचं कामकाज ठप्प झालं.

साहेब म्हणजे कोणी बडा अधिकारी नव्हे, ससा. करडा, डावा कान कायम लोंबता, बसला की उशीसारखा पसरणारा. घरची बाई नोंदणी कार्यालयात कारकून. दिवसातून चाळीस वेळा 'हो साहेब' म्हणायची नोकरी. घरात तरी एक साहेब असा असावा ज्याला बगलेत मारून बाजूला ठेवता येईल, म्हणून तिने हे नाव ठेवलं. पण जिभेला लागलेली मानाची सवय काही सुटेना. त्यामुळे त्या घरात साहेब जेवले, साहेब रुसले, साहेबांनी चपलेचा पट्टा कुरतडला, असंच बोललं जायचं. नवऱ्याच्या वाट्याला यातला पाव हिस्सा मान आला नव्हता, आणि तो हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून हसायचा.

नवरा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवायचे, हा घराच्या मागच्या खोलीत बसून गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, साचा ओतायचा, घासायचा, चमकवायचा. कवळी न्यायला, किंवा टोचते म्हणून सांगायला, लोक मात्र थेट त्याच्याकडेच यायचे. गल्लीत त्याला कवळीवालाच म्हणत. पन्नाशी उलटली तरी अंगातली खोड गेली नव्हती. पाहुणा नकोसा असला की साखरेच्या डब्यात एक कवळी पुरून ठेवायची, ही त्याची जुनी रीत. त्याचा मेहुणा गेली सहा वर्षं त्या घरात बिनसाखरेचा चहा पीत होता.

तर साहेबांनी पाठ फिरवली. बायको म्हणाली, रुसलेत, दुपारपर्यंत येतील वळणावर. कवळीवाल्याने साहेबांचा ट्रे बघितला. रोज सकाळी तिथे वाटाण्याएवढ्या लेंड्यांचा ढीग असायचा. आज चार-पाच होत्या, त्याही मोहरीएवढ्या. आणि सशाचं गणित सरळ असतं: पोट थांबलं की ससा थांबतो. माणसासारखे उपास-तापास त्याला झेपत नाहीत. बायकोने कार्यालयात सुट्टी कळवली, कवळीवाल्याने अर्धी कवळी तशीच मेणात सोडली, आणि टोपलीत घालून साहेबांची स्वारी जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे निघाली.

हे डॉक्टर मोठे मायाळू. पोट चाचपलं, नळी लावून ऐकलं, अंगठ्याने वरचा ओठ उचलून पुढचे दात बघितले. दात छान आहेत म्हणाले. मग विचारलं, वय किती. साडेनऊ, असं बायकोने सांगितलं आणि डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कवळीवाल्याच्या ते नेमकं नजरेत आलं. इतका वेळ पेन हातात होतं, साडेनऊ ऐकलं आणि खाली आलं.

मग डॉक्टर हळू आवाजात बोलायला लागले. सशाचं आयुष्यच तेवढं. वय झालंय, आतड्यांची हालचाल मंदावली आहे, त्याला त्रास होत असणार. वेदनेचं औषध देतो, पाण्यात कालवून पाजायची पूड देतो, पिचकारीने पाजून बघा. पण मनाची तयारी ठेवा. परवापर्यंत काही फरक नसेल तर आणा, एक सुई देऊ, शांत झोपेल.

"झोपायला तो घरीही झोपतो," कवळीवाला म्हणाला. "आम्ही खाण्याचं विचारायला आलो होतो."

बायकोने त्याच्या दंडाला धरून बाहेर काढलं.

संध्याकाळी मेहुणा हजर. बायकोचा मोठा भाऊ. या माणसाला सांत्वनाची इतकी घाई की कोणाला ताप आला तरी हा पडेल चेहरा घेऊन दारात उभा. कवळीवाला म्हणायचा, माझा मेहुणा तेराव्याला दुसऱ्या दिवशीच येतो. तो टेकला, उसासा टाकला, आणि म्हणाला, साडेनऊ म्हणजे माणसाच्या हिशेबात नव्वदीच्या आसपास, सोनं झालं त्याचं, आता हट्ट करू नये. कवळीवाला तोवर जमिनीवर बसून साहेबांना मांडीत घेऊन पिचकारीने ती हिरवी पातळ पेज पाजत होता. निम्मी पेज साहेबांच्या छातीवर, निम्मी ह्याच्या सदऱ्यावर. साहेब मान इकडून तिकडे फिरवत होते.

"वय झालं, वय झालं," कवळीवाला वर न बघता म्हणाला. "वय हा काय आजार आहे? दादा, तुमचे गुडघे दुखतात तेव्हा तुम्हाला कोणी सुई द्यायला निघालं का?"

मेहुणा दुखावला. पण खरं बोलली ती बायको, आणि ती दारात उभी राहून, अगदी कार्यालयातल्यासारख्या सपाट आवाजात बोलली.

"सोडा त्यांना. मान फिरवतायत ते."

"फिरवू देत. पोटात चार घोट गेले तरी…"

"आईला अकरा दिवस नळीने भरवलं. दर वेळी ती मान फिरवायची. दादा म्हणायचा धर, आणि मी धरायचे. दोन्ही हातांनी." तिने हात पुढे करून दाखवले, जणू मधे अजून काही आहे. "ज्याला खायचं नाही त्याला भरवणं मी पुन्हा बघणार नाही. माझ्या घरात नाही."

मेहुण्याने चहाच्या कपात बघायला सुरुवात केली. कवळीवाल्याने पिचकारी खाली ठेवली. मग त्याने साहेबांचं तोंड फडक्याने पुसलं.

पुसताना त्याच्या लक्षात आलं की हनुवटी आधीच ओली आहे. पेज तर एका बाजूने सांडत होती. हा ओलावा दुसऱ्या बाजूला होता, आणि चिकट होता. लाळ.

तो मागच्या खोलीत जाऊन आपल्या स्टुलावर बसला. समोर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, सगळे आ वासून त्याच्याकडे बघणारे. पंचवीस वर्षांत त्याच्याकडे अशी किती म्हातारी माणसं आली होती! कोणाचा मुलगा घेऊन यायचा, कोणाची सून. तक्रार एकच: हल्ली जेवणावरची वासना उडाली, वय झालं आता. एका निवृत्त गाणं-मास्तरांच्या मुलांनी तर सांगितलं होतं, बाबांना वैराग्य आलंय. ह्याने मास्तरांच्या दातांत निळा कागद धरून चावायला लावलं. खालच्या कवळीवर एका ठिकाणी गर्द ठिपका उठला. तिथे ती टोचत होती. मशीन फिरवली, चिमूटभर गुलाबी भुगा उडाला, आणि मास्तरांचं वैराग्य त्याच दुपारी दोन बशा बिस्किटांसकट उतरलं.

खायचं नाही ही एक गोष्ट. खाता येत नाही ही दुसरी. पहिलीपुढे तो हात जोडायला तयार होता. पण आधी कोणती ते कळू तर द्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने आपल्या कामाची पांढरी फरशी जमिनीवर ठेवली आणि त्यावर तीन ढीग मांडले: कोथिंबीर, पुदिना, वाळलं गवत. मग कोपऱ्यातल्या साहेबांना हाकबिक काही न मारता गवताची पिशवी नुसती खुळखुळवली.

वेदनेच्या औषधाचा अंमल होता, तेवढ्या बळावर साहेब उठले. मागचे पाय ओढत, पण आले. कोथिंबिरीची काडी उचलली, दोनदा जबडा हलवला, आणि मान झटकून टाकून दिली. पुदिना घेतला, टाकला. गवत घेतलं, तेही टाकलं. मग परत कोथिंबीर. सात वेळा साहेबांनी उचललं आणि सात वेळा टाकलं, आणि शेवटी फरशीवर नाक टेकून, समोर ताट वाढलेलं असताना, उपाशी बसून राहिले.

कवळीवाल्याने टाकलेलं प्रत्येक पान चिमट्याने उचलून दिव्याखाली नेलं आणि भिंग लावून बघितलं. दाराशी बायको उभी होती, कधीपासून कोण जाणे.

"इकडे ये," तो म्हणाला. "हे देठ बघ. कात्रीने कापल्यासारखं. म्हणजे पुढचे दात चोख. आता पान बघ. दळलंय कुठे? नुसतं मुडपलंय. आत कुठेतरी टोचतंय गं त्यांना."

तिने भिंग घेतलं. बाई कागदपत्रं तपासणारी, खाडाखोड शंभर फुटांवरून ओळखणारी. तिने सातही पानं बघितली आणि पाचव्यावर थांबली. पुदिन्याच्या पानावर लाल ठिपका होता, टाचणीच्या टोकाएवढा.

तिने भिंग खाली ठेवलं. मग म्हणाली की एकदा, फक्त एकदा दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. पण तिथे ती थांब म्हणेल तेव्हा थांबायचं. कोट्या नाहीत, वाद नाहीत, डॉक्टरला टोमणे नाहीत. कवळीवाल्याने मान हलवली. टोमण्यांच्या बाबतीत त्याने जरा कमी हलवली.

शहराच्या पार दुसऱ्या टोकाला सशांच्या तोंडात बघणारी एक डॉक्टरीण आहे, असं गवत विकणाऱ्या दुकानदाराने सांगितलं होतं. दोन बस बदलून ते तिथे पोचले. बसमध्ये टोपलीवर बायकोची शाल, शालीवर तिचा हात. डॉक्टरीण तरुण होती, केसात पेन खोचलेलं, बाहीवर कुत्र्याचे केस. तिने नावनोंदणीचा कागद वाचला. नाव, साहेब. ती जरा हसली. मग भुवया जवळ आणून म्हणाली,

"वय लिहायचं राहिलंय."

"राहिलं नाही," कवळीवाला म्हणाला. "लिहिलं नाही."

"म्हणजे माहीत नाही का?"

"दिवसासकट माहीत आहे. पण काल आम्ही वय सांगितलं आणि डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तेव्हा आज आधी तोंड बघा. अगदी मागपर्यंत. मग वय सांगतो."

बायकोने डोळे मिटून घेतले. डॉक्टरणीने कवळीवाल्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, आणि पेन केसातून न काढता, कानात बघायची दिव्याची नळी उचलली. साहेबांना टॉवेलात गुंडाळून फक्त तोंड बाहेर ठेवलं. नळी गालाच्या आतून सरकवली. डाव्या बाजूला बघितलं, उजव्या बाजूला बघितलं, परत उजव्या बाजूला बघितलं.

"अरे बापरे," ती हळूच म्हणाली. "या. तुम्हीच बघा."

कवळीवाल्याने एक डोळा मिटून आत बघितलं. खालच्या दाढेला आतल्या बाजूने भाल्यासारखं टोक फुटलं होतं, आणि ते सरळ जिभेत रुतलं होतं. जीभ हलली की कापणार. चावायचं म्हणजे स्वतःलाच चावायचं.

त्याला खरं तर ओरडून सांगायचं होतं, बघा, बघा, कोण म्हणत होतं वय! दोन बस मागे जाऊन त्या मायाळू डॉक्टरला सांगायचं होतं, मेहुण्याला सांगायचं होतं. छाती फुगलीच होती, तेवढ्यात डॉक्टरणीने साधा प्रश्न विचारला. हल्ली गवत किती खातात?

कवळीवाला एक पाऊल मागे सरकला.

गवत थोडंच. गेल्या सहा-सात महिन्यांपासून साहेब सावकाश खायला लागले होते. तेव्हा ह्याने, दुसऱ्या कोणी नाही, ह्यानेच, त्यांचा पाला बारीक चिरायला सुरुवात केली होती. त्याची रोजची सवयच ती. नवी कवळी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला तो बजावायचा, पहिले काही दिवस मऊ खा, बारीक चिरून खा. साहेबांना तर तो रोज सकाळी बसून, सुरीने, अगदी भुग्यासारखं करून द्यायचा. गवताच्या लांब काड्या बाजूला काढायचा, टोचतील म्हणून.

डॉक्टरणीने न रागावता समजावलं. माणसाचा दात एकदा आला की आला. सशाचा मरेपर्यंत वाढतो. तो झिजतो गवत दळून. गवत बंद झालं की दात वाढत जातो, वाकडा वाढतो, टोक धरतो. वयाने जबडा थोडा हलतो, ते खरं. पण मऊ खाण्याने जास्त बिघडलं.

मग तिने वय विचारलं. ते कवळीवाल्याऐवजी बायकोने सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली की भूल द्यावी लागेल, टोक घासावं लागेल, आणि ह्या वयात, दोन दिवसांच्या उपाशी पोटी, भुलीतून न उठण्याची शक्यता आहे. थोडीथोडकी नाही. तुम्ही बाहेर बसून ठरवा.

बाहेर बाकावर कवळीवाला टोपली मांडीवर घेऊन बसला. काल सकाळपासून जगाशी भांडत होता, आणि भांडण शेवटी त्याच्याच सुरीशी निघालं. तो म्हणाला, राहू दे. तुझंच बरोबर होतं. मीच करून ठेवलंय हे, आता वरून भूल कशाला, घरी नेऊ. औषधावर दोन दिवस सुखाने जातील.

बायकोने त्याच्याकडे असं बघितलं, जसं ती शेवटच्या मिनिटाला अर्ज मागे घेणाऱ्या माणसाकडे बघायची.

"काल मी म्हटलं, त्यांना खायचं नाही. तुम्ही म्हणालात, खायचंय. सात वेळा उचललं त्यांनी. मी मोजलंय." तिने टोपली त्याच्या मांडीवरून आपल्याकडे ओढली. "माझ्या आईने एकदाही अन्नाकडे मान वळवली नाही. ते वेगळं होतं, हे वेगळं आहे. तुमची चूक झाली ती झाली, तिचं ओझं ह्यांच्या पाठीवर कशाला? उठा. टोक काढायचं."

"आणि नाही उठले तर?"

"तर भुकेने नाही मेले, एवढं तरी होईल."

ती आत गेली आणि संमतीचा कागद वरपासून खालपर्यंत, बारीक अक्षरांसकट, वाचून काढला. एका ओळीत शब्द गाळला होता, तो दाखवला, डॉक्टरणीकडून लिहून घेतला आणि मग सही केली.

भिंतीपलीकडून थोड्या वेळाने मशीनचा आवाज यायला लागला. बारीक, चढणारा, मधेच थांबणारा. कवळीवाला रोज दिवसभर ऐकायचा तोच आवाज. घासणारा हात हलका आहे की जड, हे त्याला नुसतं ऐकून कळायचं. तो कान लावून बसला होता आणि बायको त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. दोनदा तिने विचारलं, काय? दोनदा तो म्हणाला, चांगला हात आहे. मग आवाज थांबला आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. त्या वेळात त्याला एकही विनोद सुचला नाही, हे बायकोने नंतर सगळ्यांना सांगितलं.

डॉक्टरीण बाहेर आली ती टॉवेलाची गुंडाळी घेऊन. गुंडाळीतून एक कान बाहेर, नेहमीसारखा लोंबता. साहेब शुद्धीत होते, नजर जरा तिरपी. उद्या संध्याकाळपर्यंत स्वतःहून खाल्लं तर जिंकलो, ती म्हणाली. तोवर पेज. गवत, गवत आणि गवत. आणि हे टोक परत वाढणार. दोनेक महिन्यांनी परत बघावं लागेल, तेव्हा परत भूल, परत हाच धोका. तेव्हा करायचं की नाही, विचार करा. तिने औषधांच्या वेळा आणि पुढची तारीख एका कागदावर लिहून दिली.

त्या संध्याकाळी साहेबांनी काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. पेज मात्र पाजली, आणि ती पाजली बायकोने. मान धरली नाही. पिचकारीचं टोक ओठाच्या कडेशी नेऊन नुसती थांबायची. साहेबांनी चाटलं तर दाबायची, तोंड वळवलं तर हात मागे. एका वाटीला पाऊण तास लागला. कवळीवाला शेजारी उकिडवा बसून पिचकाऱ्या धुऊन देत होता. एकदा तो म्हणाला, जरा जोर लाव, तेव्हा ती म्हणाली, तुम्ही तुमचे जबडे बघा.

दुपारी मेहुण्याचा फोन आला. आवाज आधीच पडलेला. कवळीवाल्याने त्याला सांगितलं, दादा, साहेब तुमच्याविषयीच विचारत होते, गुडघे कसे आहेत म्हणून. आणि फोन ठेवून दिला.

चारच्या सुमाराला बायको स्वयंपाकघरात पिचकारी भरत होती आणि कवळीवाला मागच्या खोलीत त्या अर्धवट राहिलेल्या कवळीपुढे बसला होता. बसला होता म्हणजे दात हातात होता आणि लक्ष दुसरीकडे. तेवढ्यात मधल्या खोलीतून आवाज आला. खर्र, खर्र, खर्र. मशीनचा नव्हे. दोघंही एकाच वेळी दाराशी पोचले.

टेबलावरचा डॉक्टरणीचा कागद वाऱ्याने खाली पडला होता. साहेब त्याच्यावर दोन्ही पुढचे पाय रोवून उभे होते आणि जबडा आडवा, जात्यासारखा फिरत होता. शेजारी ताजं गवत ढिगाने पडलेलं. त्याला अजून हात लावला नव्हता. साहेबांनी खऱ्या साहेबासारखा आधी कागद निवडला होता. पट्टीपट्टीने आत जात होता. अर्धा संपला, तेव्हा ते थांबले, कान झटकला, आणि वळून गवताची एक लांब काडी टोकाकडून धरली. काडी थोडी थोडी आत सरकत गेली आणि दिसेनाशी झाली.

बायको गुडघ्यांवर बसली. तिने कागदाच्या भोवतालची जमीन तळहाताने चाचपली, साहेबांच्या पोटाखाली बघितलं, ट्रेमागे बघितलं. एक कपटासुद्धा बाहेर पडला नव्हता.

कवळीवाल्याने उरलेला कागद ओढून घेतला. औषधांच्या वेळा शाबूत होत्या. खालचा भाग गायब.

"बरंच झालं," तो म्हणाला. "डॉक्टरीण म्हणालीच होती, विचार करा. आता विचार करायला कागदच नाही."

बायकोने त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. ती उठली, हात पुसले, आणि फोन लावला. पलीकडे कोणी उचलेपर्यंत तिने कॅलेंडर खुंटीवरून काढून टेबलावर घेतलं, दोन पानं उलटली आणि पेन उघडलं.

"नमस्कार. परवा आमच्या साहेबांची दाढ घासली ना… नाही, काल, काल. पुढच्या वेळची तारीख हवी होती. हो, येणार म्हणजे येणारच… लिहून दिली होती हो, कागदही होता."

तिने वळून बघितलं. साहेब तिसऱ्या काडीवर होते.

"नाही, हरवला नाही. खाल्ला त्यांनी. चांगला चावून खाल्ला."